रायफलीतील वायुयंत्रणा : दट्ट्याची व सरळ पद्धती

रायफलीतून गोळी सुटताना नळीत निर्माण होणाऱ्या तप्त वायूचा अल्प अंश वळवून घेऊन त्याच्या दाबाने बोल्ट उघडणे, रिकामी पुंगळी बाहेर फेकणे व नवे काडतूस कोठीत भरणे ही कामे आपोआप करून घेणारी रचना म्हणजे वायुयंत्रणा होय. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून हा वायू बाहेर येतो. पुढे तो दट्ट्यावर दाब देतो किंवा नलिकेतून थेट बोल्टवाहकापर्यंत जातो. यांपैकी पहिल्या रचनेस दट्ट्या-पद्धती व दुसरीस सरळ पद्धती असे म्हणतात. या दोहोंतील भेद केवळ यांत्रिक नाही. वायूबरोबर येणारी उष्णता व काजळी शस्त्राच्या कोणत्या भागात साठावी, हा त्यामागील खरा प्रश्न आहे आणि सैनिकाने शस्त्राची निगा कशी राखावी, हेही त्यावरच ठरते.

पूर्वेतिहास : गोळीमागून नळीबाहेर पडणारा वायू वाया जातो, हे अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग यांच्या ध्यानात १८८९ च्या सुमारास आले. या वायूचा उपयोग करून त्यांनी रचलेली मशीनगन १८९५ मध्ये प्रचारात आली. दट्ट्यावर चालणारी अर्धस्वयंचलित रायफल सैन्यासाठी स्वीकारणारे पहिले राष्ट्र मेक्सिको हे होय. मान्वेल मोंद्रागोन यांनी आखलेली ही रायफल स्वित्झर्लंडमध्ये तयार होई व १९०८ मध्ये ती स्वीकारण्यात आली. तथापि या प्रकाराचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला तो अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीमुळे. सरळ पद्धतीचे प्रयोग फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. स्वीडनची ल्युंगमन रायफल (१९४२) व फ्रान्सची मास-४९ ही तिची यशस्वी उदाहरणे होत.

दट्ट्याचे प्रकार : दट्ट्या-पद्धतीचे दोन उपप्रकार आहेत. लांब धावेच्या प्रकारात दट्ट्या बोल्टवाहकाला जोडलेला असून दोघे मिळून पूर्ण अंतर मागे-पुढे जातात. १९४९ मध्ये सोव्हिएट सैन्याने स्वीकारलेली कलाश्निकोव्ह रायफल या प्रकारची आहे. हलणारे वजन जास्त असल्याने धूळ व काजळी यांना न जुमानता ती चालते परंतु त्याच कारणाने नेमबाजास धक्के अधिक जाणवतात. आखूड धावेच्या प्रकारात दट्ट्या थोडेसेच अंतर सरकून बोल्टवाहकास टोला देतो व थांबतो. वाहक पुढील अंतर मिळालेल्या वेगाने कापतो. बेल्जियमची एफएएल ही या प्रकाराची प्रसिद्ध रायफल होय. वायूचे प्रमाण कमीजास्त करण्यासाठी तीत नियामक असतो.

स्टोनर यांची रचना : १९५६ मध्ये यूजीन स्टोनर यांनी एकस्वासाठी अर्ज केलेल्या रचनेत वेगळा दट्ट्या नाही. नळीवरून मागे आलेल्या पोलादी नलिकेतून वायू बोल्टवाहकाच्या पोकळीत शिरतो. तेथे बोल्टचे शेपूट व त्यावरील तीन कडी दट्ट्याचे आणि वाहक सिलिंडराचे काम करतो. म्हणून सरळ पद्धती हे रूढ नाव या रचनेस काटेकोरपणे लागू पडत नाही. जोर नळीच्या अक्षाच्या रेषेतच लागत असल्याने शस्त्र हलके व नेम स्थिर राहतो. मात्र वायूतील काजळी व उष्णता बोल्टच्या आसपासच साठते.

ही रायफल एम-१६ या नावाने व्हिएटनाममध्ये १९६५ पासून मोठ्या प्रमाणावर पोहोचली आणि तिच्याविषयी गंभीर तक्रारी येऊ लागल्या. पुंगळी कोठीत अडके, टरफल ओढणारा आकडा तिची कड फाडून काढी आणि ऐन चकमकीत सैनिकास नळीच्या तोंडातून कांडी घालून ती ठोकून काढावी लागे. १९६७ मध्ये खे सान्हजवळच्या टेकड्यांवरील लढायांनंतर या तक्रारींना अमेरिकेत वाचा फुटली. त्याच वर्षी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली. काडतुसातील मूळ दारू बदलून गोलकणी दारू वापरल्याने गोळीबाराचा वेग व काजळी दोन्ही वाढली होती. कोठीला क्रोमियमचा मुलामा नसल्याने दमट हवेत ती गंजे. शिवाय या रायफलीस फारशी सफाई लागत नाही असा समज पसरल्यामुळे सफाईची साधनेही पुरेशी दिली गेली नव्हती. दारूत सुधारणा, क्रोमियमचा मुलामा, सफाईसंच व विल आयस्नर यांनी चित्रित केलेली निगेची पुस्तिका या उपायांनी तक्रारी पुष्कळच ओसरल्या. वायुयंत्रणेचे तत्त्व मात्र तेच राहिले. दोष एका तत्त्वापेक्षा दारू, धातू व निगा यांच्या विसंवादात अधिक होता, असे यावरून दिसते.

दट्ट्याचे पुनरागमन : १९६३ मध्ये आलेल्या एआर-१८ या रायफलीत आखूड धावेचा दट्ट्या होता. ती स्वतः फारशी खपली नाही परंतु ब्रिटनच्या एसए-८० सह पुढील अनेक रायफलींनी तिची यंत्रणा उचलली. एम-१६ कुलातील रायफलीचा सांगाडा वरचा व खालचा अशा दोन भागांचा असून ते दोन खिळींनी जोडलेले असतात. त्यामुळे खालचा भाग तोच ठेवून दट्ट्या असलेला वरचा भाग बसविणे शक्य झाले. जर्मनीत हेकलर उंट कोख या कंपनीने २००४ च्या सुमारास केलेली एचके-४१६ ही याची ठळक परिणती होय. नॉर्वे, फ्रान्स व अमेरिकन मरीन दल यांनी तिची रूपे स्वीकारली.

या बदलाबरोबर नवी अडचणही आली. दट्ट्याचा टोला अक्षाच्या वर, बोल्टवाहकाच्या माथ्यावर बसतो. त्यामुळे वाहकाची मागील बाजू खाली कलते व दस्त्याकडील नळकांड्याच्या काठास घासते. वाहकाच्या बुडाचा आकार बदलून हा दोष बराच दूर करण्यात आला. पुढच्या टोकाशी वाढलेले वजन व निरनिराळ्या उत्पादकांचे दट्टे एकमेकांत न बसणे या उणिवा मात्र राहिल्या.

तुलनात्मक चाचणी : २००७ च्या अखेरीस अमेरिकी भूसेनेने ॲबरडीन येथे अतिधुळीची चाचणी घेतली. चार प्रकारच्या प्रत्येकी १० रायफलींतून दर प्रकारी ६०,००० गोळ्या झाडण्यात आल्या. सरळ पद्धतीच्या एम-४ मध्ये ८८२ अडथळे आले. दट्ट्या असलेल्या एचके-४१६ मध्ये २३३, स्कारमध्ये २२६ व एक्सएम-८ मध्ये १२७ अडथळे आले. हे आकडे दट्ट्याच्या बाजूचे आहेत यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी आधी झालेल्या तशाच चाचणीत एम-४ मध्ये ३०७ अडथळेच आढळले होते. म्हणून एका चाचणीवरून निर्णायक अनुमान काढणे योग्य ठरत नाही.

भारत : १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्यात आलेली ७.६२ मिमी. ची स्वयंभरण रायफल (एसएलआर) एफएएलच्या धर्तीवर ईशापूर येथे तयार झाली. तिच्यानंतरची ५.५६ मिमी. ची इन्सास रायफल पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने आखली. तीत लांब धावेचा दट्ट्या व वायुनियामक आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात अतिथंड हवेत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनांना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. वायुयंत्रणा भक्कम असली, तरी शस्त्राचा भरवसा त्याच्या सर्वांत दुबळ्या भागावर अवलंबून असतो, हे येथेही दिसून आले. इन्सासची जागा घेण्यासाठी अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे तयार होणारी एके-२०३ हीदेखील लांब धावेच्या दट्ट्याचीच आहे.

निगा : कोणतीही सफाई मॅगझिन काढून व कोठी रिकामी असल्याची खात्री करून मगच सुरू करतात. नळी व कोठी पुलथ्रू व चिंधीने स्वच्छ करणे दोन्ही पद्धतींत समान आहे. सरळ पद्धतीत वाहकाची पोकळी, बोल्टचे शेपूट व कडी यांवरील काजळी काढून घासणाऱ्या पृष्ठांवर पुरेसे तेल ठेवावे लागते. उष्णतेने तेल लवकर उडून जाते व कोरडा बोल्ट अडतो. वायुनलिका सहसा आतून खरवडत नाहीत. कडी झिजली की वायू निसटतो व बोल्ट अर्धवट उघडतो. दट्ट्या-पद्धतीत बोल्ट स्वच्छ व तुलनेने थंड राहतो पण काजळी नाहीशी होत नाही, ती पुढे सिलिंडर, दट्ट्या व नियामक यांवर साठते. हे भाग पुसून कोरडे ठेवतात, कारण तेथील तेल जळून कठीण थर बनतो. दट्ट्याची स्प्रिंग, वाहकाचे बूड व नळकांड्याचा काठ यांची झीज वेळोवेळी पाहावी लागते. नियामक मोठ्या छिद्रावर ठेवून शस्त्र चालविल्यास अडथळे तात्पुरते टळतात, परंतु सर्व भागांवर जादा आघात होऊन ते लवकर झिजतात. म्हणून ती सोय सफाईला पर्याय ठरत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकी भूसेनेने निवडलेली ६.८ मिमी. ची रायफलही आखूड धावेच्या दट्ट्याची आहे, यावरून नव्या आराखड्यांचा कल स्पष्ट होतो. तथापि सरळ पद्धतीच्या रायफली आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. दट्ट्या काजळीची जागा बदलतो, ती काढण्याचे कष्ट मात्र सैनिकालाच करावे लागतात.