ग्रीनव्हिल (दक्षिण कॅरोलायना)

ग्रीनव्हिल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिण कॅरोलायना राज्याच्या वायव्य भागातील शहर व ग्रीनव्हिल काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ७०,७२० (२०२०). ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी, रीडी नदीच्या काठी ते वसले आहे. अटलांटा आणि शार्लट या मोठ्या शहरांना जोडणारा महामार्ग जवळून जातो. याच नावाची गावे अमेरिकेत बरीच असल्याने राज्याचे नाव जोडून लिहिण्याची पद्धत आहे. एके काळी कापडगिरण्यांमुळे नावारूपाला आलेले हे शहर आज ओळखले जाते ते ओस पडलेली मध्यवर्ती बाजारपेठ पुन्हा नांदती केल्याबद्दल.

हा मुळात चेरोकी लोकांचा मुलूख. १७७० च्या सुमारास रिचर्ड पेरिस या व्यापाऱ्याने रीडीच्या धबधब्याजवळ वस्ती करून पाणचक्की बसवली. १७९७ मध्ये लेम्युएल ऑल्स्टनने प्लेझंटबर्ग नावाने गावाची आखणी केली; ती जमीन १८१५ मध्ये व्हार्ड्री मॅकबी याने विकत घेतली. १८३१ मध्ये ग्रीनव्हिल हे नाव अधिकृत झाले आणि १८६९ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. यादवी युद्धानंतर धबधब्याच्या काठी कॅम्परडाउन गिरणी उभी राहिली, पाठोपाठ शहराभोवती गिरण्यांचा वेढा पडला आणि ‘जगाची वस्त्रराजधानी’ अशी बिरुदावली शहराने स्वतःच मिरवायला सुरुवात केली. नदीचे हाल झाले. गिरणीत आज कोणता रंग लागतो आहे हे पाण्याकडे बघून कळे, असे जुने लोक सांगत. पंचगंगेकाठच्या वाचकाला हे निराळे समजावून द्यायला नको.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाजारपेठेचा कणाच मोडला. १९५८ मध्ये फर्मन विद्यापीठ शहराबाहेर गेले. गिरण्या मंदावल्या, मोटारवाली कुटुंबे उपनगरांत राहायला गेली आणि दुकाने त्यांच्यामागे नव्या मॉलमध्ये. १९६० मध्ये धबधब्याच्या थेट डोक्यावरून चारपदरी कॅम्परडाउन पूल टाकण्यात आला. ज्या पाण्यामुळे गाव वसले ते पाणी गावकऱ्यांना दिसेनासे झाले! त्याच वर्षी जुलैमध्ये फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मुख्य ग्रंथालयात आठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी बसून सत्याग्रह केला. याच शहरात जन्मलेले जेसी जॅक्सन त्यांत होते. नगर प्रशासनाने आधी ग्रंथालयालाच टाळे ठोकले, पण सप्टेंबरमध्ये ते सर्वांसाठी उघडावे लागले.

बाजारपेठेच्या पुनर्बांधणीची सुरुवात मॅक्स हेलर यांच्यापासून धरतात. हेलर व्हिएन्नाचे ज्यू. ग्रीनव्हिलहून तिकडे फिरायला आलेल्या एका मुलीशी त्यांची ओळख झाली होती. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांनी तिला पत्र लिहिले, तिने गावातल्या शर्ट कारखान्याच्या मालकाला गळ घातली आणि १९३८ मध्ये हेलर त्या कारखान्यात झाडलोटीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचा शर्टांचा कारखाना काढला. १९७१ ते १९७९ या काळात ते महापौर होते. मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्याबाबत त्यांनी घेतलेला निर्णय तेव्हाच्या व्यापाऱ्यांना उफराटा वाटला असल्यास नवल नाही : रस्ता रुंद करायचा नाही, अरुंद करायचा. लॉरेन्स हॅल्प्रिन या भूदृश्यरचनाकाराच्या आराखड्यानुसार चार पदरांचे दोन झाले. उरलेल्या जागेत रुंद पदपथ, तिरपे वाहनतळ आणि झाडे आली. त्या काळी अनेक अमेरिकन शहरे मुख्य रस्त्यावर वाहनांना सरसकट बंदी घालत होती व पुढे पस्तावली. ग्रीनव्हिलने गाडी येऊ दिली, फक्त तिला हळू चालायला लावले. आज त्या झाडांची कमान रस्त्यावर धरलेली दिसते, पण लावली तेव्हा ती रोपटी होती हे विसरून चालत नाही. १९८२ मध्ये रस्त्याच्या उत्तर टोकाला सरकारी व खाजगी भांडवलातून हयात हॉटेल आले, १९९० मध्ये नदीजवळ पीस सेंटर हे नाट्यगृह. दोन टोकांना दोन लोहचुंबक ठेवले की मधली दुकाने आपोआप भरतात, हा यामागचा हिशेब. तो जुळायला दोन दशके गेली. १९२५ चे पॉइन्सेट हॉटेल, जे बरीच वर्षे बंद पडून होते, ते २००० मध्ये पुन्हा उघडले.

मधल्या काळात नदी कुणी सांभाळली? कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लबने. १९६७ पासून बागकामाची हौस असलेल्या या मंडळाच्या स्त्रियांनी धबधब्याभोवतीची जमीन मिळवून साफसफाई चालवली होती. डोक्यावरचा पूल पाडा, हा त्यांचा आग्रह. चांगला चालता पूल पाडायचा म्हणजे पैशाची नासाडी, असे म्हणणारेही पुष्कळ होते आणि रस्ता राज्याच्या मालकीचा असल्याने तो आधी शहराकडे घ्यावा लागला. १९९५ पासून महापौर असलेले नॉक्स व्हाइट यांनी हा मुद्दा लावून धरला. २००२ मध्ये पूल पाडला गेला. २००४ मध्ये फॉल्स पार्क आणि मिगेल रोझालेस यांच्या आराखड्याचा ३५५ फूट लांबीचा लिबर्टी पूल लोकांसाठी खुला झाला. फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा हा झुलता पूल धबधब्याभोवती वळण घेत जातो आणि त्याचे दोर एकाच बाजूला आहेत. पैसा उभा राहिला तो मुख्यतः उपाहारगृहांतील बिलांवर लावलेल्या आतिथ्यकरातून. नंतर पलीकडच्या वेस्ट एंड भागात बेसबॉलचे मैदान (२००६) आणि जुन्या लोहमार्गावरून ट्रॅव्हलर्स रेस्टपर्यंत जाणारा स्वॅम्प रॅबिट हा सायकलमार्ग झाला.

कारभार नगरसभा-व्यवस्थापक पद्धतीने चालतो. महापौर आणि सहा सदस्य निवडून येतात. त्यांतील चौघे प्रभागांतून, दोघे सबंध शहरातून. नगरव्यवस्थापक ही सभाच नेमते. महाराष्ट्रात महापालिका आयुक्त राज्य सरकार पाठवते, हा फरक मोठा आहे : ग्रीनव्हिलमध्ये योजना रखडली तर जाब विचारण्याची जागा गावातच असते.

मात्र या यशाची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. घरांचे भाव चढले, मध्यवस्तीलगतच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून लोक बाहेर पडले आणि शहरातील त्यांचे प्रमाण घटले. पर्यटन पुस्तिकांत ही बाजू सापडत नाही. साउथर्नसाइड या वस्तीशेजारी २०२२ मध्ये ६० एकरांचे युनिटी पार्क झाले, तेव्हा लगतची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवण्यात आली. चूक उमगल्याची ही कबुली म्हणता येईल, पण उशिराची.

फर्मन विद्यापीठाची जुनी टेकडी मात्र अजून पालटतेच आहे. विद्यापीठ गेल्यावर तिथे मॉल झाला. मॉल बसल्यावर त्याच इमारतीत काउंटीची कार्यालये थाटली गेली. २०२३ मध्ये ती फॉस्टर अँड पार्टनर्सने आखलेल्या शेजारच्या नव्या वास्तूत गेली आणि बाकीची जमीन विकासकांच्या हाती देण्यात आली.