हेल्मेटसक्ती: ब्रेकपासून डोक्यापर्यंत

न्यूझीलंडमध्ये साध्या सायकलवरही हेल्मेट न घालता रस्त्यावर आलात तर ५५ डॉलर दंड होतो, म्हणजे आपले अंदाजे पावणेतीन हजार रुपये. हे सांगितले की पुण्याकडची मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, "आणि लोक हे ऐकून घेतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे, आणि सुरुवात हेल्मेटपासून न करता ब्रेकपासून करायला हवी. इंजिनियरच्या हिशोबात डोक्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

इकडे डोंगरात सायकल चालवणे हा मोठा छंद आहे. रोटोरुआ गावाला लागून व्हाकारेवारेवा नावाचे जंगल आहे. तिथले रेडवूड वृक्ष १९०१ साली लावलेले. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे पावसाचे पाणी लवकर मुरते. २००६ मध्ये माउंटन बाईकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली आणि २०१५ पासून क्रँकवर्क्स हा जत्रेसारखा महोत्सव इथे येऊ लागला. अशा गावात सायकलच्या दुकानात शिरलात की तीन प्रश्न समोर येतात: ब्रेक कुठला, चाक किती इंची, आणि अंगावर काय घालणार? या तिन्ही प्रश्नांना इतिहास आहे.

पहिला प्रश्न ब्रेकचा. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या उतारावरून शर्यती लावू लागली. त्या सायकलींना पॅडल उलटे मारले की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तो खोलून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला 'रिपॅक' म्हणतात, आणि त्या उताराचे नावच रिपॅक पडले!

धूर का निघे याचा हिशोब सोपा आहे. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा, आणि उतरायचे ३०० मीटर. खाली येऊन थांबेपर्यंत सुमारे २६५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या विरोधात जाते, हळू उतरलात तर बाकी सगळी ब्रेकमध्ये. एवढ्या उष्णतेत चार कप चहाचे पाणी उकळीला येईल.

पुढची वीस वर्षे मुख्यतः रिम दाबणाऱ्या ब्रेकची गेली. १९९६ मध्ये शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक आणला आणि थांबणे बरेच सोपे झाले. पण रिम म्हणजे चाकाचा चिखलाला सगळ्यात जवळचा भाग. भर पावसात सळईच्या ब्रेकची, स्टीलच्या रिमची काळी सायकल ज्यांनी चालवली आहे त्यांना ओली रिम म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून डिस्क आली. ती हबजवळ, चिखलापासून वर असते. डिस्कचा व्यास १६० ऐवजी २०० मिलिमीटर घेतला तर त्याच दाबाला २५ टक्के जास्त जोर मिळतो आणि उष्णता पसरायला जागाही जास्त. तारेपेक्षा तेलावर चालणारा ब्रेक चांगला, पण तेल कुठले ते बघून घ्या. काही कंपन्या खनिज तेल वापरतात, काही मोटारीसारखे डॉट तेल. एकात दुसरे घातले की आतली रबरी सीले खराब होतात. आणि हो, इकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आपल्यासारखाच. अमेरिकेतून आलेल्या सायकलला उलटे असते, तेव्हा पहिल्या उताराआधी तपासा.

दुसरा प्रश्न चाकाचा. त्या जुन्या सायकलींची चाके २६ इंची होती, म्हणून पुढे तीसेक वर्षे माउंटन बाईक म्हणजे २६ इंच असेच ठरून गेले. त्यामागे शास्त्र फारसे नव्हते, भंगारात तेच मिळत होते. मग २९ इंची आली आणि २०१२ च्या सुमारास मधली साडेसत्तावीस इंची. मोठे चाक दगडावर किंवा मुळावर कमी तिरके आदळते, त्यामुळे सहज पार होते. छोटे चाक पटकन वळते. गंमत म्हणजे २९ इंची चाकाच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, आणि आपल्या दूधवाल्याच्या २८ इंची काळ्या सायकलचा ६३५! खड्ड्यांच्या रस्त्याला मोठे चाक बरे, हे आपल्याकडे कुणी शोधनिबंध न लिहिता ठाऊक होते.

आता तिसरा प्रश्न: ब्रेक आणि चाक दोन्ही फसले तर?

१९८६ साली पामर्स्टन नॉर्थ गावात बारा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून शाळेत जाताना मोटारीच्या धडकेने पडला. मेंदूला कायमची इजा झाली, चालणे-बोलणे गेले. हेल्मेट असते तर बहुधा हे टळले असते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याची आई रिबेका ओटन घरी बसली नाही. जवळजवळ सहा वर्षे ती देशभर फिरली, दिवसाला सरासरी चार शाळा. मुलांना ती मेंदू म्हणजे काय अजब वस्तू आहे ते सांगे, आणि मग आपल्या मुलाची हकीकत. लोक तिला 'हेल्मेट लेडी' म्हणू लागले. शेजारच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून, जगात पहिल्यांदा, सायकलस्वारांना हेल्मेटसक्ती केली होतीच. न्यूझीलंडचा कायदा १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला.

यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कायदा यायच्या आधीच प्राथमिक शाळेतली बहुसंख्य मुले हेल्मेट घालू लागली होती. मागे होती ती मोठी माणसे, निम्म्याहून कमी. म्हणजे सक्ती झाली ती मुख्यतः आईबापांवर! कायद्यानंतर हे प्रमाण सगळ्यांतच ९० टक्क्यांच्या वर गेले.

अजून एक कारण आहे. १ एप्रिल १९७४ पासून इथे अपघाताच्या भरपाईची सरकारी योजना आहे. चूक कुणाचीही असो, उपचाराचा बहुतेक खर्च ती उचलते, आणि त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. तुम्ही जंगलात हौसेने हाड मोडून घेतले तरी पैसे सगळ्यांच्या खिशातून जातात. त्यामुळे "डोके माझे आहे, फुटले तर माझे" हा आपला लाडका युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. सरकारच्याच प्रवास-पाहण्या सांगतात की १९८९-९० नंतर इथे सायकल चालवणे बरेच घटले. विरोधक म्हणतात, हा सक्तीचा परिणाम, आणि रस्त्यावर सायकली कमी झाल्या की उरलेल्यांना धोका वाढतो. समर्थक म्हणतात, त्याच काळात जपानहून जुन्या मोटारी स्वस्तात येऊ लागल्या, पोरे मोटारीने शाळेत जाऊ लागली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. मला वाटते त्या आईचे म्हणणे खरे होते, आणि तरीही फक्त हेल्मेटचा कायदा करून रस्ते तसेच ठेवणे हे अर्धेच काम होते.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून दुचाकीवरच्या हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोधात मोर्चा निघाला. तारीखसुद्धा तीच, १ जानेवारी! फरक एवढाच की इथे कायद्याआधी एक बाई शेकडो शाळांत जाऊन बोलली होती, आणि आपल्याकडे आधी पावतीपुस्तक आले.

असो. आपल्या मुलाला सह्याद्रीत चालवायला सायकल घेणार असाल तर पैसे याच क्रमाने खर्चा. आधी भरवशाचे तेलाचे डिस्क ब्रेक, मग रस्त्याला आणि उंचीला साजेसे चाक. शोभेच्या गियरला हात आखडता घ्या, आणि त्यातून हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड यांना पैसे राखून ठेवा. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा फोम असतो. तो स्वतः चिरडून धक्का शोषतो आणि हे काम एकदाच करतो. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यावे. कपाळ झाकले जाईल असे आडवे घालावे, मागे सरकवलेले हेल्मेट टोपीच्या लायकीचे.

आणि मुलाला घालायला सांगण्याआधी स्वतः घाला. न्यूझीलंडमध्ये मोठ्यांना ते कळायला कायदा करावा लागला होता.