लाडकी मालिका शेवटी निराश का करते? 'दिल दोस्ती दुनियादारी'वरून समजून घेऊ

२०१५ सालची गोष्ट. रात्रीचे साडेदहा. जेवणं उरकलेली, घरातली मोठी माणसं झोपायच्या तयारीत आणि टीव्हीचा रिमोट अखेर कॉलेजच्या पोरांच्या हातात. झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' लागायची. सहा जण, एक फ्लॅट आणि त्या फ्लॅटचं नाव 'माजघर'.

मार्च २०१५ मध्ये सुरू झालेली ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरात संपली. लोक हळहळले. बरोबर वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेच सहा कलाकार 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन परत आले. वाट पाहणाऱ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्या मालिकेच्या चाहत्यांचीच निराशा झाली आणि सहा महिन्यांत, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'दोबारा'नेही गाशा गुंडाळला.

चॅनेल तेच, चेहरे तेच, विषयही मैत्रीचाच. मग बिनसलं कुठे? आणि लाडक्या मालिकांचा शेवट आला की असं वारंवार का होतं?

'माजघर' एवढं आपलं का वाटलं?

तोवर मराठी मालिका म्हणजे सासू, सून आणि चौकोनी किंवा एकत्र कुटुंब, असं समीकरण होतं. इथे मात्र रक्ताचं नातं नसलेली सहा तरुण माणसं एकत्र राहत होती. कैवल्य (अमेय वाघ), सुजय (सुव्रत जोशी), आशू (पुष्कराज चिरपुटकर), मीनल (स्वानंदी टिकेकर), रेश्मा (सखी गोखले) आणि ॲना (पूजा ठोंबरे). कुणाला संगीतात नाव काढायचंय, कुणाला अभिनयात, कुणी फसलेल्या लग्नातून सावरतंय. विनोद भरपूर, पण पोटात काळजीही तेवढीच. भाडं, नोकरी, घरच्यांच्या अपेक्षा.

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, पुण्यापासून साधारण १२० किलोमीटरवर आहे. नगर, पारनेर, श्रीगोंदा, संगमनेरकडची कितीतरी मुलं दरवर्षी शिकायला, नोकरीला किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीला पुण्यात जातात. कॉट बेसिसवर राहतात. अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत राहून त्यांचंच घर कसं होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 'माजघर' ही मुंबईची गोष्ट असली तरी ती त्यांची गोष्ट होती.

परत आले, पण कोण परत आलं?

'दोबारा'मध्ये कलाकार तेच होते, पण पात्रं नवी. 'खयाली पुलाव' नावाच्या रेस्टॉरंटभोवती वेगळीच गोष्ट होती. कैवल्य नव्हता, आशू नव्हता, रेश्मा नव्हती. त्यांचे चेहरे तेवढे होते.

नवी गोष्ट सांगणं काही चूक नाही. याच गटातल्या काही कलाकारांनी २०१६ मध्ये 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक केलं आणि ते चाललं. पण नाटकाच्या नावात 'दिल दोस्ती' नव्हतं. तिकीट काढून जाणाऱ्याला माहीत होतं की आपण काहीतरी नवीन बघायला चाललोय. 'दोबारा' हा शब्द मात्र वेगळं वचन देतो. जुने मित्र भेटतील म्हणून गेलो आणि त्यांच्यासारखे दिसणारे परके लोक भेटले, अशी ती गत होती.

प्रेक्षकाचा जीव चेहऱ्यांवर किंवा मैत्री या विषयावर जडलेला नसतो. तो त्या ठरावीक माणसांवर जडलेला असतो. मालिका संपताना त्याला त्या माणसांचा नीट निरोप हवा असतो. तो मिळाला नाही की चुकल्यासारखं वाटतं.

मराठी मालिकेला 'शेवटचा सीझन' का नसतो?

'माजघर'ची तुलना अनेकदा अमेरिकेतल्या 'फ्रेंड्स'शी झाली. पण आकडे पाहा. 'फ्रेंड्स'चे दहा सीझन म्हणजे दहा वर्षांत २३६ भाग. आपल्याकडची रोजची मालिका आठवड्याला सहा भाग दाखवते. म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास. 'फ्रेंड्स'ला दहा वर्षांत जेवढं लिहायला लागलं, त्याहून जास्त भाग इथे एका वर्षात लिहायचे, शूट करायचे आणि दाखवायचे.

सीझनच्या पद्धतीत लेखकाला थांबायला, पुढचा विचार करायला वेळ मिळतो. शेवटचा सीझन जाहीर झाला की शेवटाची तयारी करता येते. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद अनेकदा वेगवेगळे लोक लिहितात, हाताशी थोडेच तयार भाग असतात आणि गोष्ट कधी संपवायची हे बऱ्याचदा टीआरपीवरून ठरतं. आकडे चांगले असतील तर ताणायची, पडले तर आवरायची. दोन्हीकडे गोष्टीचं स्वतःचं म्हणणं बाजूला राहतं.

ताणलं की काय होतं?

'होणार सून मी ह्या घरची' (२०१३ ते २०१६) आठवतेय? श्री आणि जान्हवीवर लोकांनी घरच्यासारखं प्रेम केलं. पण शेवटच्या टप्प्यात जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं की व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला. जिच्यासाठी लोक हळवे व्हायचे, तिच्यावरच हसायला लागले.

'माझ्या नवऱ्याची बायको' ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. बाहेरख्याली गुरुनाथला साधीभोळी राधिका धडा कसा शिकवते, ही खमंग गोष्ट होती. पण धडा शिकवून झाला की गोष्ट संपते. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागला. शनाया साकारणारी अभिनेत्री मध्येच बदलली, पुढे पहिली परतली, राधिका उद्योजिका झाली, तरी गुरुनाथ काही सुधारेना. मालिका मार्च २०२१ पर्यंत, साडेचार वर्षं चालली.

नीट संपलेल्या मालिका आहेत का?

आहेत. सतीश राजवाडे दिग्दर्शित 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये आली आणि त्याच वर्षी संपली. घना आणि राधाचं खोटं लग्न खरं होईपर्यंतची गोष्ट होती. ते झालं, मालिका थांबली. आजही तिचं नाव निघालं की लोक हसतमुखाने बोलतात. पुढे 'एका लग्नाची तिसरी गोष्ट' नव्या पात्रांसह आली, पण तिला तसं प्रेम मिळालं नाही. हा 'दोबारा'चाच किस्सा, फक्त चार वर्षं आधीचा.

त्याच्याही आधी, २००१ मध्ये, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली होती. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. ती आठवड्यातून एकदाच लागायची. एका भागात एक छोटी घटना, त्यामुळे ताणायला काही नसायचं. त्यातल्या श्यामल म्हणजे शुभांगी गोखले. 'माजघर'मधली रेश्मा साकारणारी सखी ही त्यांचीच मुलगी.

शेवट आधीच ठरवला तर प्रश्न सुटतो का?

तेवढ्यानेही नाही. अमेरिकेतली 'हाऊ आय मेट युअर मदर' २००५ ते २०१४ अशी नऊ सीझन चालली. शेवटच्या प्रसंगातला मुलांचा भाग सुरुवातीच्या वर्षांतच शूट करून ठेवला होता, कारण मुलं मोठी होणार होती. पण मधल्या काळात पात्रं बदलली, लोकांचा जीव वेगळ्या जोडीवर जडला. शेवट मात्र जुनाच राहिला आणि प्रेक्षक चिडले. शेवट लवकर ठरला की उशिरा, एवढाच मुद्दा नाही. एवढ्या वर्षांत ती माणसं जशी झाली आहेत, त्यांना तो शोभायला हवा.

प्रेक्षकाचं म्हणणं पोहोचतं का?

टीआरपी मोजणारी संस्था म्हणजे बार्क. देशभरातल्या हजारो घरांत तिचे मीटर असतात. २०१५ पासून या मोजणीत ग्रामीण भागही आला. २०११ च्या जनगणनेनुसार नगर जिल्ह्यातले सुमारे ८० टक्के लोक खेड्यात राहतात. म्हणजे नेवाशातल्या किंवा पाथर्डीतल्या एखाद्या वाडीवरचा टीव्हीही आता मोजला जाऊ शकतो.

पण मीटरला एवढंच कळतं की टीव्ही चालू आहे, कोणतं चॅनेल लागलंय आणि घरातलं कोण बघतंय. शिव्या घालत बघितलेली मालिका आणि जीव लावून बघितलेली मालिका त्याला सारखीच. आणि टीव्ही नसलेल्या खोलीत मोबाईलवर भाग बघणारा, पुण्यातला तो कॉट बेसिसवरचा पोरगा, या मीटरमध्ये येतच नाही. 'माजघर' ज्याला सगळ्यात जास्त आपलं वाटलं, त्यालाच मोजायची सोय नव्हती.

त्यामुळे लाडकी मालिका रुळावरून घसरली आणि तुम्ही सवयीने बघत राहिलात, तर चॅनेलला तुमचा होकारच दिसतो. टीव्ही बंद केला, तर निदान नकार तरी दिसतो. निरोप कसा हवा होता, हे सांगायची जागा मात्र त्या मीटरमध्ये अजून नाही.