वाळूच्या घड्याळाचे राखणदार

सोळाव्या शतकातील स्पॅनिश जहाजांवर वेळ राखण्याचे काम वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांकडे असे. वाळूच्या घड्याळातील वरचे काचपात्र अर्ध्या तासाने रिकामे झाले की ते तत्काळ उलटावयाचे आणि प्रार्थनेचे ठरलेले बोल गाऊन त्याची वर्दी द्यावयाची. रात्रीच्या अंधारात ते बोल ऐकू आले म्हणजे घड्याळाचा राखणदार जागा आहे, हे सर्वांना कळत असे.

आपल्याकडे तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की २४ मिनिटांची एक घटका भरे. डोलणाऱ्या जहाजावर पाण्याचे असे साधन स्थिर राहणे अवघड. तेथे वाळू अधिक उपयोगी ठरली. अरबी नाविकांच्या ग्रंथांत अंतर 'झाम' या मापाने सांगितलेले आढळते. एक झाम म्हणजे तीन तासांत कापलेले अंतर. आपला प्रहरही तीन तासांचाच.

इंग्रजी जहाजांवर वर्दीचे काम घंटेकडे आले. चार तासांच्या पाळीत पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, दुसऱ्याला दोन, अशा क्रमाने आठ टोल पडले की पाळी बदले. सायंकाळी चार ते आठ या वेळेच्या दोन तासांच्या दोन छोट्या पाळ्या करीत. त्यामुळे दिवसाच्या एकूण पाळ्या सात होत आणि मध्यरात्रीचा पहारा रोज त्याच खलाशांच्या वाट्याला येत नसे.

वेग मोजण्यासाठी २८ सेकंदांचे निराळे वाळूचे घड्याळ असे. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी समुद्रात सोडून, तेवढ्या वेळात किती गाठी हातातून सरकल्या हे मोजीत. जहाजाचा वेग आजही 'नॉट', म्हणजे गाठ, या मापाने सांगतात तो यामुळेच. वेग, दिशा आणि लोटलेला वेळ यांवरून जहाज कोठे आहे याचा अंदाज बांधला जाई. पाळी लवकर संपावी म्हणून एखाद्याने वाळू पूर्ण गळण्याआधीच घड्याळ उलटले, तर प्रत्यक्षाहून अधिक अंतर कापल्याची नोंद होई. दुपारी सूर्य माथ्यावर आला की जहाजावरची वेळ पुन्हा जुळविता येई. नोंदीत शिरलेले खोटे अंतर मात्र तसेच राही.

स्थानाचा अंदाज चुकल्याने काय होते, हे १७०७ साली दिसले. ॲडमिरल क्लाउड्सली शोव्हेल यांच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि चौदाशे ते दोन हजार माणसे बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून निघाल्या बंदराची वेळ अचूक राखणारे घड्याळ जवळ असले, तर स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येतो. मात्र चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश, आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. लंबकाचे घड्याळ लाटांच्या हेलकाव्यांत निरुपयोगी ठरे. सुतारकाम करीत घड्याळे बनविणारे जॉन हॅरिसन यांनी या एका प्रश्नासाठी अनेक दशके वेचली. त्यांचे चौथे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या प्रवासास निघाले. ८१ दिवसांत ते केवळ पाच सेकंद मागे पडले.

अशा घड्याळांची वेळ पडताळण्यासाठी बंदरांना वेधशाळांची गरज होती. खगोल, भूगोल आणि नौकानयन यांच्या अभ्यासासाठी १७९२ मध्ये मद्रासची वेधशाळा उभी राहिली. पुढे तिची वेळ भारतीय रेल्वेने स्वीकारली आणि १९०६ पासून सबंध देशासाठी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली.

हिंदीत 'घंटा' म्हणजे तास. मराठी शाळेत 'तास' म्हणजे एका विषयाचा पाठ. दोन्ही शब्दांतील वेळ ही सर्वांना एकदम ऐकू जाणारी, सर्वांनी मिळून पाळावयाची वेळ आहे. जहाजावरही ती तशीच होती. हॅरिसन यांचे घड्याळ येण्यापूर्वी कित्येक शतके ती पेंगुळल्या डोळ्यांनी वाळूकडे पाहत बसलेल्या मुलांनी राखली. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. परंतु शेकडो प्रवासी त्यांच्या जागेपणावर विसंबून निर्धास्त झोपत असत.