एका रक्तचाचणीत कॅन्सर लवकर कळतो का?

रक्ताच्या एका नमुन्यातून ५० हून अधिक प्रकारचे कॅन्सर ओळखण्याचा दावा करणारी अमेरिकेतली ‘गॅलेरी’ चाचणी सध्या चर्चेत आहे. भारतातही ‘स्ट्रँड लाइफ सायन्सेस’ने डिसेंबर २०२४ मध्ये ‘कॅन्सरस्पॉट’ ही अशीच चाचणी आणली. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे निश्चिंत व्हायचं का?

चाचणी कशी काम करते?

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. कॅन्सरच्या पेशींचेही येतात. डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात. कॅन्सरच्या पेशींमध्ये या खुणांची मांडणी बदललेली असते. चाचणी हीच मांडणी वाचते. त्यावरून कॅन्सर कुठल्या अवयवात असू शकतो, याचाही अंदाज बांधला जातो.

सुरुवातीचा कॅन्सर सापडतो का?

खरी अडचण इथेच आहे. गॅलेरीच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथ्या स्टेजचे सुमारे ९० टक्के कॅन्सर पकडले गेले, पहिल्या स्टेजचे मात्र जेमतेम १७ टक्के. गाठ लहान असेल तर रक्तात येणारा तिचा डीएनएही कमी असतो. म्हणूनच निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नसल्याची खात्री नव्हे.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच का?

नाही. ‘पाथफाइंडर’ या अभ्यासात ६,६२१ जणांपैकी ९२ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. प्रत्यक्षात कॅन्सर निघाला ३५ जणांना. उरलेल्या ५७ जणांच्या वाट्याला धास्ती आणि पुढच्या तपासण्या आल्या. निदान पक्कं होण्यासाठी स्कॅन आणि बायोप्सी लागतेच.

फुल बॉडी चेकअपमधल्या ‘ट्यूमर मार्कर’चं काय?

त्या वेगळ्या चाचण्या आहेत. पीएसए प्रोस्टेट नुसतं वाढलं तरी वाढतो, सीए-१२५ मासिक पाळीतही वाढू शकतो.

मग काय करायचं?

मुंबईत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने केलेल्या साध्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी ३० वर्षांवरील लोकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते. रक्तचाचणी केली तरी या तपासण्या टाळू नका. तोंडात न भरणारी जखम, स्तनात गाठ किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव दिसला, तर रिपोर्ट काहीही असो, डॉक्टरांना दाखवा.