यात नवीन ते काय?

एखादे अडलेले गणित फळ्यावर सोडवून दाखवले की वर्गातून हमखास आवाज येतो, "हात्तिच्या! एवढंच होतं होय?" पाच मिनिटांपूर्वी हेच गणित कोणालाही सुटत नव्हते, ही गोष्ट तोवर सर्वजण विसरलेले असतात. शिक्षकाला याचे नवल वाटत नाही. पण हाच उद्गार न्यायालयात निघाला, तर त्यावर कोट्यवधी रुपयांचा व्यवहार अवलंबून असतो. पेटंटच्या कायद्यातील बहुधा सर्वात अवघड प्रश्न हाच आहे : ही युक्ती कोणालाही सहज सुचण्याजोगी होती की नव्हती?

पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला एक करार. संशोधकाने आपली युक्ती लपवून ठेवायची नाही. दुसऱ्या जाणकाराला ती करून पाहता येईल इतक्या तपशिलाने लिहून जाहीर करायची. त्याबदल्यात वीस वर्षे त्याच्या परवानगीवाचून इतर कोणी ती वापरायची वा विकायची नाही. मुदत संपली की युक्ती सर्वांची. करार चांगला आहे, पण त्यात एक धोका आहे. जे आधीपासून सर्वांचे आहे, किंवा कोणालाही सुचलेच असते, त्यावर कोणी हक्क सांगू लागला, तर समाजाने मोबदला दिला आणि पदरात काहीच पडले नाही असे होईल. म्हणून कायदा तीन चाळण्या लावतो. वस्तू नवीन हवी, उद्योगात उपयोगी पडणारी हवी, आणि त्या विषयातील जाणकाराला ती उघड वाटणारी नसावी.

पहिल्या आणि तिसऱ्या चाळणीत पुष्कळांची गल्लत होते. हळदीचे प्रकरण आपल्याला आठवत असेल. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या अर्जावर, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. हळदीचा हा उपयोग सांगणारे जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. हा मुख्यतः पहिल्या चाळणीचा प्रश्न होता. 'हे आधी होते' असे दाखवणारा कागद सापडला की असा वाद मिटतो. तिसऱ्या चाळणीचे तसे नाही. तेथे वस्तू नवीनच असते. तशीच्या तशी आधी कोणी केलेली नसते. तरीही विचारावे लागते की, जुन्या वस्तूपासून या नव्या वस्तूपर्यंत जायला बुद्धीची झेप लागली, की नेहमीचे एक पाऊल पुरले?

भांड्यांचा लेथ

भारतात या प्रश्नावरचा पायाभूत निकाल भांड्यांच्या धंद्यातून आला. पितळेची भांडी घासून झळाळी आणण्यासाठी ती लेथवर फिरवावी लागतात. जुन्या पद्धतीत भांडे लेथला लाखेसारख्या पदार्थाने चिकटवीत. ते फिरताना निसटून कारागिराला इजा होण्याचा धोका असे. मिर्झापूरच्या एका कारखान्याने १९५० च्या दशकात भांडे दोन्ही बाजूंनी दाबून धरण्याच्या साधनावर पेटंट घेतले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला. लेथच्या मागच्या टोकाने वस्तू दाबून धरणे हे लेथइतकेच जुने आहे, ते भांड्यांना लावणे ही कारखान्यातील नेहमीची सुधारणा झाली, शोध नव्हे, असे ठरवून न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले. या निकालातून एक कसोटी मिळाली. ज्या वस्तूत सुधारणा झाली त्या धंद्यातील, साधारण कुशल पण विशेष प्रतिभा नसलेला कारागीर डोळ्यांसमोर आणायचा आणि विचारायचे : अर्ज झाला त्या दिवशी, समोर ही अडचण ठेवली असती, तर हा उपाय त्याला सुचला असता का?

हा कारागीर काल्पनिक असला तरी आपल्या ओळखीचा आहे. पेणजवळच्या रामवाडीला रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मोटारसायकल उघडून बसलेला मिस्त्री आठवा. त्याला इंजिनाची नस माहीत असते. पण तो नवीन इंजिन काढायला बसलेला नसतो. त्याच्याच धंद्यातील एक खटला महाराष्ट्रातील एका कंपनीमुळे गाजला.

दोन ठिणग्या

पुण्याजवळ आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज ऑटो कंपनीने १६ जुलै २००२ रोजी फोर-स्ट्रोक इंजिनातील सुधारणेसाठी पेटंटचा अर्ज केला. २००३ पासून ही रचना पल्सर मोटारसायकलमध्ये 'डीटीएस-आय' या नावाने विकली जाऊ लागली आणि जुलै २००५ मध्ये पेटंट मंजूर झाले. त्याचा क्रमांक १९५९०४. युक्तीचा गाभा असा : ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवायचे आणि पातळ, म्हणजे पेट्रोल कमी व हवा जास्त असलेले मिश्रण नीट जाळायचे.

यामागचे विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. पेट्रोल व हवेचे मिश्रण एकदम जळत नाही. ठिणगीपाशी ज्योत सुरू होते आणि ती गवताला लागलेल्या वणव्यासारखी पुढे सरकते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग, आणि दट्ट्या वरून खाली यायला त्याच्या निम्मा, म्हणजे दोनशेवा भाग. दट्ट्या फार खाली जाण्यापूर्वी ज्योत पलीकडच्या टोकाला पोहोचली तरच तिचा जोर दट्ट्यावर पडणार. मिश्रण पातळ केले की पेट्रोल वाचते, पण ज्योत मंदावते. समोरासमोर दोन प्लग ठेवले, तर प्रत्येक ज्योतीला जवळजवळ निम्मेच अंतर कापावे लागते.

हे वाचून "यात नवीन ते काय?" असे कोणीही म्हणेल. चेन्नईच्या टीव्हीएस मोटर कंपनीचे म्हणणे तेच होते. विमानांच्या पिस्टन इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग फार पूर्वीपासून असतात; एक बंद पडला तरी दुसरा चालावा हा तेथील एक मोठा हेतू. होंडा कंपनीचे दोन प्लगांच्या रचनेवरील जुने अमेरिकन पेटंटही टीव्हीएसने पुढे केले. मोठ्या सिलिंडरमधील रचना लहान सिलिंडरमध्ये आणणे म्हणजे भांड्यांच्या लेथची गोष्ट झाली, नाही का?

बजाजची बाजूही दुबळी नव्हती. मोठ्या सिलिंडरमध्ये ज्योतीला लांब जावे लागते, म्हणून तेथे दोन प्लग सुचणे समजण्याजोगे आहे. पण लहान सिलिंडरचा व्यास हातातील बांगडीएवढा. तेथे अंतर मुळातच थोडे, म्हणून एक प्लग पुरे, असे सर्वसाधारण कारागीर मानणार. शिवाय बांगडीएवढ्या जागेत झडपा आणि एक प्लग बसवल्यावर दुसऱ्याला जागा कोठे? बजाजच्या रचनेत एका प्लगाभोवती नळी बसवून त्याला वंगणाच्या तेलापासून वाचवावे लागले होते. प्रचलित समजुतीच्या उलट जाऊन लाभ मिळवला, तर ती नुसती सुधारणा कशी म्हणावी?

टीव्हीएसने २००७ मध्ये 'फ्लेम' ही १२५ सीसीची गाडी जाहीर केली. तिला दोन प्लग होते आणि झडपा तीन. पेटंट रद्द व्हावे म्हणून टीव्हीएसने अर्जही केला. दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. १६ फेब्रुवारी २००८ रोजी एकल न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली आणि फ्लेम एका प्लगासह बाजारात आणावी लागली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा खटल्यांत मनाईवरच वर्षानुवर्षे भांडत न बसता मूळ दावा लवकर निकाली काढावा. तोवर टीव्हीएसने गाडी विकावी, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवावा. अखेर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. म्हणजे लहान इंजिनात दोन प्लग बसवणे उघड होते की नव्हते, याचा अंतिम निवाडा बारा वर्षांत झालाच नाही. अर्जाच्या तारखेपासून मोजलेली वीस वर्षे जुलै २०२२ मध्ये संपली आणि ती युक्ती आता सर्वांची आहे.

पडद्यावरचे बोट

न्यायाधीशांत असा मतभेद व्हावा याचे आश्चर्य वाटत असेल, तर आपल्या खिशातील फोनचा इतिहास पाहावा. बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा ही कल्पना स्मार्टफोनहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पडद्यावर चित्रातली कळ बोटाने सरकवण्याचे प्रयोग कॅथरिन प्लेझाँ यांनी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात केले आणि १९९२ मध्ये जगापुढे मांडले. निओनोड या स्वीडिश कंपनीचा फोन पडद्यावर बोट उजवीकडे ओढले की उघडत असे. त्यानंतर, डिसेंबर २००५ मध्ये, अ‍ॅपल कंपनीने अर्ज केला : बोट ओढले की त्याबरोबर एक चित्रही ठरलेल्या मार्गाने सरकते आणि फोन उघडतो.

फरक एका सरकत्या चित्राचा. तो उघड होता का? लंडनच्या उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये होय म्हटले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट अवैधच ठरवले. अमेरिकेत अ‍ॅपल व सॅमसंग यांच्या खटल्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते उघड ठरवले. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि ज्युरीने या व इतर पेटंटांसाठी ठरवलेली सुमारे १२ कोटी डॉलरची भरपाई पुन्हा लागू केली. त्या पीठाने भोवतालच्या पुराव्याला वजन दिले. लोकांनी या सोयीची वाखाणणी केली, प्रतिस्पर्ध्यांनी ती उचलली. मग ती इतकी सहज होती असे ज्युरीला वाटले नाही, यात गैर काय? युक्ती एकच, आधीची साधनेही तीच, तरी उत्तरे वेगळी.

मागे वळून पाहताना

अडचण अशी की, उत्तर कळल्यावर ते न कळलेल्या स्थितीत परत जाणे माणसाच्या मनाला फार जड जाते. म्हणून न्यायालये काही बाह्य खुणा शोधतात. अडचण किती वर्षे पडून होती? इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का? जाणकार या वाटेने जाऊ नका असे सांगत होते का?

पण या खुणाही जपून वापराव्या लागतात. दोन प्लगांचेच पाहू. प्लग जुना, लहान इंजिने लाखांनी तयार होत होती, तरी कोणी दुसरा प्लग बसवला नाही. म्हणजे तो सुचत नव्हता, असे म्हणावेसे वाटते. परंतु आपल्याकडे दुचाकींच्या धुरावरील मर्यादा १९९१, १९९६ आणि २००० अशा टप्प्यांनी कडक होत गेल्या. पातळ मिश्रण नीट जाळण्याची निकड आधी एवढी नव्हती. जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर कोणी दिले नाही, याला सुचण्यातील अवघडपणाचा पुरावा म्हणता येत नाही. उलट, कधीकधी प्रश्न ओळखणे हाच शोधाचा मोठा भाग असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि न्यायाधीशाला त्यांतून वाट काढायची असते.

विज्ञानाच्या इतिहासातही आपण हीच चूक करतो. पाठ्यपुस्तकातील शोध एका ओळीत आटोपतात आणि विद्यार्थ्यांना वाटते, यात काय विशेष? त्या काळी काय माहीत होते, कोणती समजूत आड येत होती, हे सांगितल्याशिवाय शोधाची उंची कळत नाही. तसेच, प्रत्येक शोध म्हणजे दैवी चमत्कार असे सांगितले, तर आधीच्या शंभर जणांचे श्रम झाकले जातात.

यासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना दोन ठिणग्यांची हकीकत आधी सांगू नये. लहान इंजिनाची आकृती द्यावी, मिश्रण पातळ केले तर ज्योत मंदावते एवढेच सांगावे, आणि उपाय लिहून, तारीख घालून घ्यावेत. तीच आकृती जवळच्या गॅरेजमधील मिस्त्रीला दाखवून त्याचेही उत्तर टिपून आणावे. मगच पेटंटाची कहाणी सांगावी. किती जणांनी दुसरा प्लग लिहिला, कोणी मिश्रण घुसळण्याचा उपाय सुचवला, "दोन प्लग कशाला?" असे मिस्त्री का म्हणाला, हे फळ्यावर मांडता येईल. उत्तरे आधी लिहिलेली असल्यामुळे, ती सुचली होती की नाही याबद्दल नंतर कोणाला वाद घालता येणार नाही.