मार्जाराचे मार्जन

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे घरातले लहानथोर सगळे न्हातात. तेल, उटणे, कढत पाणी आणि डोक्यावरून फिरवलेली आघाड्याची फांदी. जनावरांच्या न्हाणाचेही दिवस ठरलेले आहेत. पोळ्याला बैल ओढ्यावर नेऊन धुतात, दसऱ्याला घोडा धुऊन सजवतात, दिवाळीत गवळी आपल्या म्हशी न्हाऊ घालून रंगवतात. एवढ्या सगळ्यात मांजर कुठे आहे? चुलीपाशी बसून ते स्वतःचा पंजा चाटत असते. त्याच्या आंघोळीचा सण नाही, तिथी नाही.

प्राण्यांविषयीचे जुने संदर्भ टिपून ठेवणे हा माझा नोकरीबाहेरचा नाद आहे. विद्यापीठात मी कधी शिकलो नाही; जे वाचले ते गावच्या ग्रंथालयात, रविवारी. गेल्या काही वर्षांत शहरांतून मांजरांना आंघोळ घालून देणारी दुकाने दिसू लागली, तेव्हा एक साधा प्रश्न पडला : माणूस मांजराला आंघोळ घालू लागला कधीपासून, आणि कशासाठी? या लेखात त्याच प्रश्नाचा माग काढला आहे.

आधी आपल्या ग्रंथांकडे पाहू. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हत्तींच्या देखभालीचे प्रकरण आहे. दिवसाचे आठ भाग करून त्यांतला पहिला आणि सातवा हत्तींच्या स्नानासाठी राखून ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. हत्तींवर पालकाप्याचा आणि घोड्यांवर शालिहोत्राचा असे स्वतंत्र वैद्यकग्रंथ आपल्याकडे झाले. मांजराच्या वाट्याला असा ग्रंथ आला नाही. त्याचे कारण मला उपेक्षेत दिसत नाही. हत्ती, घोडा, बैल हे राबणारे प्राणी. त्यांच्या अंगावरचा चिखल आणि घाम आपल्या कामाचा असतो, म्हणून तो धुण्याची जबाबदारीही आपली. मांजर आपले काम स्वतःच्या मर्जीने करते आणि स्वतःची सफाईही.

ही गोष्ट भाषेने फार पूर्वी ओळखली. ‘अमरकोशा’त मांजराची जी नावे आहेत त्यांत ओतु, बिडाल, वृषदंशक, उंदीर खाणारा म्हणून आखुभुक्, आणि मार्जार. मार्जार शब्दाचा धातू ‘मृज्’, म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. सतत स्वतःला पुसत असतो तो मार्जार, अशी याची फोड कोशकार देतात. याच धातूपासून संध्येतले पाणी शिंपडण्याचे ‘मार्जन’ आले, चुकीचे ‘परिमार्जन’ आले, झाडूला ‘संमार्जनी’ हे नाव मिळाले. आणि अभ्यंगाच्या वेळी डोक्यावरून फिरवायचा आघाडा, म्हणजे संस्कृतातला ‘अपामार्ग’, तोही याच कुळातला : पुसून दूर सारणारा. आपल्या मराठी ‘मांजर’ शब्दाच्या पोटात स्वच्छता अशी आधीपासूनच आहे.

धर्मशास्त्राचा सूर इतका सरळ नाही. ‘मनुस्मृती’च्या अकराव्या अध्यायात मांजराने उष्टावलेले अन्न खाल्ल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. व्यवहारात मात्र माझ्या आजीच्या सोवळ्यात कुत्र्याला जागा नव्हती; मांजर स्वयंपाकघरात खुशाल हिंडे. इस्लामी परंपरेने हा प्रश्न नेमका पाण्यापाशीच सोडवला. अबू कतादा वुजूसाठी पाणी घेत असताना एक मांजर ते प्यायला आले. त्यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले, आणि मांजर अपवित्र नाही, ते घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असे पैगंबरांनी सांगितल्याचा दाखला दिला. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त ही हकीकत येते. मांजराच्या तोंडाने पाणी बाटत नाही, मग त्याला धुण्याचा प्रश्नच कुठे उरतो?

चीनमध्ये नवव्या शतकात तुआन छंग-श याने लिहिलेल्या संग्रहात एक लोकसमजूत नोंदलेली आहे : तोंड धुताना मांजराचा पंजा कानापलीकडे गेला, की पाहुणा येणार. मांजर स्वतःचे तोंड स्वतः धुते, हे सगळीकडच्या माणसांनी पाहिले आणि आपापल्या परीने त्याला अर्थ दिला.

आपल्या वाङ्मयात नदीवर जाणारे मांजर भेटते, पण ते ढोंगी असते. ‘महाभारता’च्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी पांडवांना निरोप धाडतो, त्यात ही गोष्ट आहे. एक मांजर गंगेच्या काठी हात वर करून तप करू लागते. उंदरांचा विश्वास बसल्यावर ते म्हणते, व्रताने मी थकलो आहे, मला रोज नदीकाठी नेत जा. उंदीर नेतात, आणि एकेक कमी होत जातात. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर, गंगावतरणाच्या दृश्यात, पंजे वर केलेले मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरलेले आहेत. मांजर स्नानाला निघाले म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते.

युरोपातली म्हण थोडी वेगळी आहे. मांजराला मासे हवेत पण पाय भिजायला नकोत, अशा अर्थाची ती म्हण शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये लेडी मॅकबेथ नवऱ्याला टोमणा म्हणून वापरते. मांजराच्या या पाणीद्वेषाचे मूळ त्याच्या कुळात शोधतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पाळीव मांजराचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात दाखवले, म्हणजे कोरड्या मुलखात. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे. अपवाद आहेतच. तुर्कस्तानातल्या वान सरोवराच्या परिसरातले मांजर पोहण्यासाठी प्रसिद्ध आहे. सुंदरबनात आणि चिल्का सरोवराच्या पाणथळीत राहणारे मासेमार रानमांजर तर पाण्यात उतरूनच शिकार करते. पण उंबऱ्यावरचे आपले मांजर त्या वाटेने गेले नाही.

मग आंघोळ आली कुठून? मला तिची वाट लांब केसांतून आलेली दिसते. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले, जो पुढे १६२३ मध्ये सुरत आणि गोवा पाहून गेला, त्याने त्याआधी इराणमधून लिहिलेल्या पत्रात खुरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन केले. ती रोमला न्यावीत असे त्याच्या मनात होते. अशी मांजरे युरोपात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोचली. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. उपेक्षित मांजराला लोकांनी मानाने पाहावे, हा त्याचा हेतू. १८८७ मध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ निघाला आणि वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. पुढे त्याने ते पद सोडले. सभासदांना मांजराच्या भल्यापेक्षा बक्षिसांची ओढ अधिक आहे, ही त्याची तक्रार होती.

बक्षीस आले तिथे आंघोळ आली. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या पर्शियन मांजराच्या अंगावर डाग चालेना. प्रदर्शनापूर्वी गव्हाचा कोंडा गरम करून तो केसांत चोळायचा आणि ब्रशने झाडायचा, किंवा आपण जिला मुलतानी माती म्हणतो तशा मातीची पूड वापरायची, असे कोरडे उपाय रूढ झाले. साबण आणि कोमट पाणीही आले. हे न्हाण परीक्षकाच्या नजरेसाठी होते. मांजराला त्याची गरज होती ती एवढीच, की त्याचे केस माणसाने वीण निवडून इतके वाढवले होते की त्याच्या जिभेला ते आवरेनात. १९६६ मध्ये टोरांटोत एक केसहीन पिल्लू जन्मले. पुढे अशा केसहीन मांजरांची पैदास करून ‘स्फिंक्स’ जात घडवली गेली. तिच्या कातडीवरचे तेल टिपायला केसच नाहीत, म्हणून तिला नियमित न्हाऊ घालावे लागते. केस वाढवले तरी आंघोळ, घालवले तरी आंघोळ.

विसाव्या शतकाच्या शेवटी दुसरे कारण पुढे आले : माणसाच्या शिंका. मांजराची ॲलर्जी केसांची नसते. ती लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत असलेल्या एका प्रथिनाची असते. चाटताना ते केसांवर पसरते आणि वाळून हवेत उडते. मांजर धुतले तर शिंका थांबतील का, हे १९९० च्या दशकात तपासले गेले. १९९७ च्या एका अभ्यासात मांजराला पाण्यात बुडवून धुतल्यावर हे प्रथिन बरेच कमी झाले, पण आठवड्याभरात परिणाम ओसरला. मांजराने स्वतःला पुन्हा चाटले होते.

त्या चाटण्याचे तंत्र २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी उलगडले. मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोके पोकळ, पळीसारखी असतात. त्यांत लाळ आपोआप चढते आणि केसांच्या मुळापर्यंत पोचते. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींत त्यांना हीच रचना आढळली. त्याआधी, २००० साली, गळ्यात चाटता न येणारी पट्टी घातलेल्या मांजरांवर इतरांच्या सुमारे दुप्पट पिसवा राहतात, असे दुसऱ्या एका अभ्यासात दिसले होते. कंगवा, साबण आणि पिसवांचे औषध, तिन्ही एका जिभेत.

पण या जिभेतच धोका आहे. मांजराच्या अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या पोटात जाते. आमच्या शेजारच्या एका घरात पिसवा जाव्यात म्हणून मांजराला फिनेल घातलेल्या पाण्याने धुतले. दोन दिवस ते लाळ गाळत पलंगाखाली बसले आणि तिसऱ्या दिवशी गेले. घरच्यांची माया खरी होती. जमीन ज्याने स्वच्छ होते त्यानेच मांजर स्वच्छ करावे, असे त्यांना वाटले. फिनॉलच्या जातीचे पदार्थ निकामी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात जी यंत्रणा आहे, ती मांजरात फार दुबळी असते. त्यासाठी लागणारे एक जनुक मांजरात मोडकळीला आले आहे, हे २००० साली सिद्ध झाले. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते ती याच कारणाने. कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला घातक ठरते, कारण तेही त्याच्या शरीराला निकामी करता येत नाही.

तरीही पाणी घ्यायची वेळ येते. अंगावर रॉकेल, रंग किंवा गाडीचे काळे तेल सांडले असेल तर मांजराला चाटू देता कामा नये. ते ताबडतोब धुतलेच पाहिजे आणि पशुवैद्याकडे नेले पाहिजे. म्हातारपणी किंवा फार लठ्ठ झाल्यावर त्याची जीभ पाठीपर्यंत पोचत नाही, तेव्हा ओल्या फडक्याने पुसावे. गजकर्णासारख्या रोगात डॉक्टर औषधी स्नान सांगतात. अशा वेळी कोमट पाणी, मांजरांसाठीच केलेला शाम्पू, पायाखाली न घसरणारे कापड, कान-डोळे-नाक सोडून हलका हात, आणि नंतर पूर्ण कोरडे पुसणे. डोक्यावरून तांब्या ओतणे हा आपला प्रेमाचा रिवाज असला, तरी मांजराच्या दृष्टीने तो हल्लाच.

या सगळ्या नोंदी एकत्र मांडल्यावर मला एक सूत्र दिसते. मांजराला पाण्याची गरज भासली, त्यातल्या बहुतेक प्रसंगांत हात माणसाचा होता. केस वाढवले ते आपण, घालवले ते आपण, रॉकेलचा डबा उघडा ठेवला तो आपण, शिंका आल्या त्याही आपल्यालाच. बैलाच्या अंगावरचा चिखल आपल्या नांगराचा असतो म्हणून आपण तो पोळ्याला कृतज्ञतेने धुतो. मांजराची आंघोळही याच हिशेबात धरावी : आपण त्याच्या अंगावर टाकलेले तेवढे आपण काढावे. बाकीचे मार्जन त्याचे त्याला नीट येते.